इरलं, जातं आणि आम्ही इंजिनिअर्स

‘क्रिएटिव्हिटी’ हा शब्द आपल्या हॉस्टेलमध्ये फारच थोड्या प्रसंगी ऐकू येतो. एक म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री, काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी मारताना. आणि दुसरं म्हणजे वायव्हात, जेव्हा प्रश्न एका विषयाचा असतो आणि उत्तर भलत्याच विषयाचं द्यायचं असतं! बाकी डिझाइन, चित्रकला, वास्तुकला, संगीत वगैरे सगळं गॅदरिंगच्या चार दिवसांपुरतं. पाचव्या दिवशी पुन्हा जर्नल, असाइनमेंट आणि मेसची तीच आमटी.

मला बारावीनंतर आर्किटेक्चरला जायचं होतं. घरी चर्चा झाली, काका-मामांचे फोन झाले आणि ‘अगं, सिव्हिल म्हणजे जवळपास तेच असतं’ असं एकमताने ठरलं. हे ‘जवळपास’ म्हणजे नेमकं किती जवळ, ते पहिल्याच सेमिस्टरला अप्लाइड मेकॅनिक्सने दाखवून दिलं. तेव्हापासून माझी स्केचबुक बॅगच्या तळाशी आणि मनात एक किडा : सुंदर गोष्टी करणारे लोक वेगळे, त्यांची कॉलेजं वेगळी, आपलं काम फक्त बीम पडू नये एवढं बघायचं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मनात हा किडा असेल. कुणी गिटार माळ्यावर टाकून आलंय, कुणी रंगपेटी. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. (मी कॉन्व्हेंटची, मराठी माझी सेकंड लँग्वेज. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करावा ही विनंती!)

गेल्या हिवाळ्यात आमचं सात दिवसांचं श्रमदान शिबिर आहुप्याला झालं. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं अगदी पश्चिमेचं टोक. मंचरहून घोडेगाव, पुढे डिंभे धरण, मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत घेत एसटी वर चढत जाते. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर उभं राहून १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आहुप्यात गाव संपतं आणि थोड्याच अंतरावर जमीनसुद्धा संपते! समोर एकदम कोकण. कड्यावर उभं राहिलं की खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात आणि पलीकडे सिद्धगड. खाली मुरबाडकडे उतरणारी आहुपे घाटाची जुनी पायवाट आहे. घोड नदीचा उगमही इथलाच. म्हणजे कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस घोड नदीतून भीमेला मिळतो, पंढरपूरवरून वाहत शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. आणि त्याच ढगातला पलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्रात. हायड्रॉलॉजीच्या पुस्तकात ‘वॉटर डिव्हाइड’ची व्याख्या मी दोन मार्कांसाठी पाठ केली होती. इथे मी त्या व्याख्येवर दोन्ही पाय ठेवून उभी होते.

पण दृश्य सुंदर असणं यात नवल काही नाही. सह्याद्रीचा कडा कुणालाही आवडतो. मला सांगायचंय ते त्या गावातल्या वस्तूंबद्दल.

पहिली वस्तू इरलं. एका घराच्या पडवीत भिंतीला टांगलेलं होतं. मला वाटलं, मोठी टोपली असेल. घरातल्या मावशींनी हसत हसत ते उतरवलं आणि माझ्या डोक्यावर चढवलं. ‘आवणीला घालायचं असतं,’ म्हणाल्या. आवणी म्हणजे भाताची लावणी. दिवसभर कमरेत वाकून, धो धो पावसात, दोन्ही हातांनी रोपं चिखलात खोचायची. छत्री धरायला तिसरा हात नाही. तेव्हा डोक्यावरून पाठीवर येणारं, नावेसारखं वळलेलं हे छप्पर अंगावर घ्यायचं. बांबूच्या कामट्यांची षटकोनी जाळी, तशीच दुसरी जाळी आणि दोन्हींच्या मधे पानांचा थर. मी उभी राहिले तर ते विचित्र दिसत होतं, मानेला लागत होतं. मावशी म्हणाल्या, ‘वाक की!’ वाकले, आणि ते पाठीवर असं काही बसलं की बस्स! ते उभ्या माणसासाठी केलेलंच नाही. ते वाकलेल्या माणसासाठी केलेलं आहे.

विमानाच्या फ्लोअरमध्ये ‘हनीकोंब सँडविच पॅनेल’ वापरतात हे आपण पीपीटीत बघतो. दोन पातळ थर, मध्ये हलका गाभा, वजन कमी आणि ताठरपणा जास्त. इरल्यात रचना थोडी उलटी आहे, जाळ्या बाहेर आणि पानं आत. पण विचार तोच, की प्रत्येक थराला त्याचं एकेक काम द्यायचं. आता बहुतेक बायका प्लॅस्टिकचा कागद घेतात. तो स्वस्त आहे, हलका आहे. पण मावशींचं म्हणणं असं, की त्यात घाम फार येतो. वापरणाऱ्याचा अभिप्राय म्हणतात तो हाच.

दुसरी गोष्ट पडकई. हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. डोंगरउतारावर दगडाचे बांध घालायचे, मागे माती भरून सपाट करायची आणि भाताचं खाचर तयार करायचं. एकट्या घराला ते झेपत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या. आंबेगावच्या या भागातल्या महादेव कोळी समाजाची ही जुनी रीत. ‘शाश्वत’ या संस्थेने इथे लोकांबरोबर केलेल्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर प्राइज’ मिळालं, त्यात या पडकईचाही वाटा आहे.

आमचं श्रमदान अशाच एका बांधावर होतं. आम्ही पंचवीस भावी इंजिनिअर दगड उचलून रचायला लागलो. दिसायला भिंत छान, गुळगुळीत. गावातले एक वयस्क बाबा बाजूला बसून बघत होते. थोड्या वेळाने उठले आणि काही न बोलता आमचे दगड काढून पुन्हा लावायला लागले. लांबट दगड आम्ही दर्शनी बाजूला आडवे लावत होतो, म्हणजे लांबी दिसते! त्यांनी ते फिरवून लांबी आत मातीत घातली. भिंत सरळ उभी न ठेवता वर जाताना किंचित डोंगराकडे कलती घेतली. फटी राहतात म्हणून एकाने विचारलं, ‘बाबा, मातीनं बुजवू का?’ तर म्हणाले, ‘पान्याला वाट ठेव पोरा. कोंडलं का ते भिंत घेऊन जातंय.’

रँकिनने मातीच्या दाबाचा सिद्धांत १८५७ मध्ये मांडला. तो आम्हाला पाचव्या सेमिस्टरला होता. रिटेनिंग वॉलमागे पाणी साचलं की दाब वाढतो, म्हणून भिंतीत ‘वीप होल्स’ ठेवावीत, हे मी परीक्षेत व्यवस्थित आकृतीसह लिहिलं आहे. बाबांच्या बांधात प्रत्येक सांधा म्हणजे वीप होल. आणि ती सगळी खाचरं संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वरून पाहिली तर डोंगराच्या अंगावर कुणी कॉन्टूर मॅप काढून ठेवल्यासारखी दिसतात. कुणीही ‘सुंदर दिसावं’ म्हणून ती केलेली नाहीत. पाणी एका पातळीत राहायला हवं, म्हणून बांध समपातळी रेषेवरून जातो आणि म्हणूनच त्या रेषा इतक्या डौलदार आहेत. माझ्या मनातल्या किड्याला पहिला धक्का बसला तो इथे.

तिसरी गोष्ट चित्रांची. घराची जमीन शेणाने सारवलेली असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण सकाळच्या उन्हात तिच्याकडे नीट बघा. अर्धवर्तुळांच्या ओळी दिसतात, माशाच्या खवल्यांसारख्या, एकात एक अडकलेल्या. ही नक्षी वेगळी काढलेली नसते. बसल्या जागेवरून हात जेवढा फिरतो तेवढी ती कमान. कोपर हे कंपासचं टोक आणि हात ही त्रिज्या! त्यामुळे प्रत्येक घराची नक्षी वेगळी. उंच बाईची मोठी, सासूबाईंची छोटी. मी स्केचबुक बाहेर काढली ती त्या दिवशी, दोन वर्षांनी. मग काय, गावातली सगळी पोरं भोवती. मी शेकरू काढलं तर एक चिमुरडी ठासून म्हणाली, ‘ताई, शेपूट एवढुशी नसती!’ खरंच होतं तिचं. शेकरू आपला राज्यप्राणी. त्याच्यासाठी शेजारी भीमाशंकरचं अभयारण्य आहे. मी तो गुगलवर पाहिलेला, तिने भैरवनाथाच्या देवराईत. शेपूट पुन्हा काढली, परीक्षक बाईंनी पास केलं.

इथे एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. वसंत सरवटे (१९२७–२०१६). माझ्या रूममेटकडे पु. लं.ची पुस्तकं आहेत, त्यातली चित्रं बघून मी विचारलं, हे कोण? तर हे सरवटे व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर! सिमेंट कंपनीत नोकरी करत करत त्यांनी आयुष्यभर व्यंगचित्रं आणि पुस्तकांसाठी रेखाचित्रं काढली. त्यांच्या रेषेत जास्तीचं काही नसतं, जेवढी ओळ पेलायला हवी तेवढीच. मला ती नेहमी एखाद्या चांगल्या स्ट्रक्चरसारखी वाटते. आणि हा लेख मी ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये टाइप करते आहे, तो र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवला. सुलेखनकार माणूस, कवी माणूस, पण कॉम्प्युटरला देवनागरी शिकवण्यासाठी बसून जोडाक्षरांचे नियम लावले. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ स्क्रीनवर नीट उमटतात त्यामागे कुणाचा तरी हात आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे कला एका कॉलेजात आणि इंजिनिअरिंग दुसऱ्या कॉलेजात, अशी भिंत या लोकांनी कधी बांधलीच नाही.

आणि संगीत? शिबिरातल्या तिसऱ्या रात्री देवळात भजन होतं. सुरू व्हायच्या आधी पखवाजवाले काका शांतपणे कणकेचा गोळा मळत बसले होते. मला वाटलं, प्रसादाची तयारी! तर त्यांनी तो गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला, वाजवून पाहिलं, चिमूटभर काढला, पुन्हा वाजवलं. धुम्म्... आवाज थेट पोटात. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साधा ढोल सूर देत नाही, फक्त आवाज देतो. आपल्या मृदंग-तबल्यावर मध्यभागी शाईचा थर चढवून हे उपस्वर जवळजवळ सुरेल प्रमाणात आणलेले असतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हेच दाखवलं होतं. काकांना रामन माहीत नसतील, पण एक चिमूट कणीक म्हणजे किती आवाज, हे त्यांच्या बोटांना पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी एका आजींनी आमच्या हट्टाखातर जात्यावर नाचणी दळली. गावात आता दळण गिरणीवरच जातं, जातं कोपऱ्यात असतं. पण खुंट्याला हात लागला आणि आजींच्या तोंडून ओवी आपोआप बाहेर पडली. मी मुद्दाम मोजत होते : ओळ संपते तिथे जात्यात दाण्यांची मूठ पडते आणि श्वासही तिथेच घेतला जातो. गाणं, काम आणि श्वास तिन्ही एकाच चक्राला बांधलेले. गी पॉइतव्हां आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लाखभर! आणि त्या रचणाऱ्या बहुतेक बायकांना कुणी कवयित्री म्हटलं नाही. ओवी संपल्यावर मी विचारलं, ‘आजी, हे कुणी शिकवलं?’ आजी म्हणाल्या, ‘शिकवायचं काय त्यात? दळान जड असतंय ना.’

जाता जाता भीमाशंकरच्या घंटेबद्दलही सांगते. शिबिराच्या शेवटी आम्ही तिकडे गेलो. देवळासमोर एक मोठी घंटा आहे. दिसताक्षणी मला ती ओळखीची वाटली, कारण अशाच आकाराच्या घंटेखाली मी दहा वर्षं असेंब्लीला उभी राहिले आहे! चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक, असं सांगतात. चर्चसाठी ओतलेलं कासं शंकराच्या दारात तितक्याच गोड वाजतं. कॉन्व्हेंटमधून आलेल्या आणि ‘तुझं मराठी जरा वेगळंच आहे’ हे रोज ऐकणाऱ्या मुलीला त्या घंटेने काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजा.

इथवर सगळं छान छान झालं. पण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती आता सांगते.

आम्ही सगळे कुडाच्या भिंतींच्या प्रेमात पडलो होतो. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांधून, वरून माती-शेणाचा लेप. काठी ताण घेते, माती दाब घेते. म्हणजे आरसीसीचंच तत्त्व. आत दुपारी गार, रात्री उबदार. सगळ्यांचे मोबाइल बाहेर, फोटोवर फोटो. इरलंवाल्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘फोटू काढता, पन दर साली लिपायला कोन येनार?’

आम्ही गप्प. मग त्यांनीच सांगितलं. पावसाच्या माऱ्याने लेप धुऊन जातो. पावसाआधी भिंत झाकावी लागते, पावसानंतर पुन्हा लिंपावी लागते. काठ्यांना वाळवी लागते. उंदीर भोक पाडतो आणि उंदरामागे साप येतो. हे सगळं काम बाईच्या अंगावर. त्यांना सिमेंटचं पक्कं घरकुल हवंय, आणि का नको? आपण स्लॅबच्या हॉस्टेलमध्ये पंखा लावून झोपायचं आणि त्यांनी आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून मातीत राहायचं, हा कुठला न्याय? पण शेजारच्या घरकुलात बसलो तेव्हा तेही कळलं. वर पत्रा. उन्हात तव्यासारखा तापतो आणि पावसात असा वाजतो की बाजूला बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. मावशी म्हणाल्या, ‘तुमी इंजनेर ना गं? मंग असं घर काढा, जे दर साली लिपाया नको आन् तापायबी नको.’

दोन वर्षांत मला इतका स्पष्ट प्रॉब्लेम स्टेटमेंट कुणी दिला नव्हता!

परत आल्यावर लायब्ररीत बसले. लॉरी बेकर सापडले. १९४५ मध्ये भारतात आलेला हा इंग्रज वास्तुविशारद नंतर केरळमध्ये स्थायिक झाला. घराचं सामान पाच मैलांच्या परिसरातलं असावं, ही गांधीजींकडून ऐकलेली गोष्ट ते आवर्जून सांगत. विटा उभ्या कडेवर लावून मध्ये पोकळी ठेवणारा ‘रॅट-ट्रॅप बाँड’ त्यांनी सगळीकडे वापरला. सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता कमी आत येते. मग बाळकृष्ण दोशी सापडले. १९२७ साली पुण्यात जन्मलेले, प्रित्झकर पारितोषिक (२०१८) मिळवणारे पहिले भारतीय. इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना पूर्ण घर दिलं नाही. जोतं, पाणी आणि संडास-न्हाणीघर दिलं, उरलेलं ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचं. मला हे फार आवडलं. कारण त्यात राहणाऱ्यालाही डोकं आहे, हे आधीच गृहीत धरलेलं आहे. पडकईवाल्या बाबांना आणि इरलंवाल्या मावशींना डोकं आहे, हे तर आम्ही डोळ्यांनी बघून आलो होतो.

आता आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट ठरला आहे. कारवीऐवजी प्रक्रिया केलेला बांबू, मातीत थोडा चुना, भिंतीचा खालचा दोन फूट भाग दगडाचा आणि पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून दुसरा थर. गाइड सरांनी सांगितलं, आधी मटेरियल टेस्टिंग करा, कविता नंतर. तेव्हा सध्या लॅबच्या मागे मातीचे ठोकळे वाळत आहेत. (शिपाई काका रोज विचारतात, ‘ताई, चूल कधी पेटवनार?’) ते टिकतील की पहिल्याच पाण्यात विरघळतील, मला माहीत नाही. विरघळले तर चुन्याचं प्रमाण बदलू. पावसाळ्यात एक चार फुटी नमुना-भिंत आहुप्यालाच, मावशींच्या परसात उभी करायची परवानगी मिळाली आहे. त्यांची अट एकच : इरलं डोक्यावर घेऊन आवणीला एक दिवस यायचं.

तर मित्रमैत्रिणींनो, गिटार माळ्यावरून काढा, रंगपेटी उघडा, आणि नसेल काढायची तर निदान नजर तरी उघडी ठेवा. एसटी स्टँडवरच्या रंगवलेल्या पाट्यांची अक्षरं बघा, मेसच्या ताटाचे खण बघा, आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात दुपारी उन्हाचा कवडसा कुठे पडतो ते बघा. ज्यांनी हे घडवलं त्यांच्यासमोर काहीतरी अडचण होती, आणि त्यांनी ती नीट सोडवली म्हणून ते आपल्याला आवडतं. आणि माती न तापणारी, न धुपणारी करायची काही युक्ती कुणाला माहीत असेल, मग तो कुठल्याही ब्रँचचा असो, स्टाफ असो, मेसमधले काका असोत, तर सिव्हिलच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये दुपारी चारनंतर जरूर या. चहा आमच्याकडून!